सरळ रेषेत पाचशे

डिंभ्याच्या पुढे, जिथून रस्ता धरणाच्या पाण्याला वळसा घालायला लागतो, तिथे ठमाबाईनं पुढच्या दोन टप्प्यांचं तिकीट काढायला साफ नकार दिला. भांडण नव्हतं तसं. वीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या माणसाला भांडण लांबून कळतं. भांडणारा माणूस आधी पायाजवळची पिशवी उचलून मांडीवर घेतो. ठमाबाईची पिशवी पायाशीच होती. तिनं फक्त खिडकीतून बोट बाहेर काढलं आणि पाण्यापलीकडची वाडी दाखवली. म्हणाली, "ते बघ माझं घर. दारात कोंबडी फिरतीय ती बी दिसती. आन् तू मला दोन टप्पे सांगतो." मी तिला समजावलं की तिकीट घर दिसण्यावर नसतं, रस्त्यावर असतं, आणि रस्ता बारा-चौदा किलोमीटर फिरून जातो, त्याला मी काय करू. तेवढ्यात काठावर उभा असलेला एक बगळा उडाला आणि पाण्यावरून सरळ पलीकडे निघाला. ठमाबाईचं बोट त्याच्या मागं फिरलं. "ह्यो बघ. तुजी यष्टी येस्तवर ह्यो माझ्या दारात मासा खाऊन मोकळा झाला आसंल. त्याला इचार किती टप्पे झालं." गाडीतली माणसं हसली, मीही हसलो. तिनं कनवटीचे पैसे काढले, मी तिकीट फाडलं, आणि तिकिटाला भोक पाडायचा पंच माझ्या हातात उघडाच राहिला. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं, घंटी का देत नाही म्हणून. घंटीच्या दोरीकडे हात जाईना. कारण तो बगळा अकरा वर्षं माझ्या वहीत चुकीचा लिहिलेला होता.

बगळा म्हणजे कबूतर. ज्याला आमची भानगड माहीत नाही त्याच्यासाठी सांगायला हवं. एक्याण्णव-ब्याण्णवच्या सुमाराला मंचर, नारायणगाव आणि आजूबाजूच्या गावांत होमर कबुतरांचं, म्हणजे कितीही लांब सोडलं तरी घरी परतणाऱ्या पाखरांचं वेड शिरलं. त्र्याण्णव साली आम्ही अकराजणांनी घोड-मीना कबूतर मंडळ काढलं. शर्यतीचा प्रकार दिसतो सोपा. सगळ्यांची पाखरं एका टेंपोत घालून लांब न्यायची, एकाच वेळी सोडायची, आणि ज्यानं त्यानं आपापल्या ढाबळीशी, म्हणजे गच्चीवरच्या खुराड्याशी, मान वर करून बसायचं. पाखराच्या पायात रबरी कडं असतं, त्यावर नंबर. पाखरू आत शिरलं की नंबर आणि वेळ फोनवर कळवायची. पण प्रत्येकाचं घर वेगळ्या जागी. एकाचं पाखरू पाच मिनिटं आधी आलं म्हणून काय झालं, त्याचं घर दहा किलोमीटर अलीकडे असेल तर? म्हणून ज्याच्या त्याच्या घराचं अंतर काढायचं, त्याला लागलेल्या मिनिटांनी भागायचं, आणि मिनिटाला ज्याचे मीटर जास्त तो जिंकला. म्हणजे सगळा खेळ पंखांचा नाही, अंतराचा. आणि अंतर कोण सांगणार, असा प्रश्न त्या पहिल्या बैठकीत आला तेव्हा अकराच्या अकरा तोंडं माझ्याकडे वळली, त्यात माझंही असावं. टप्प्यांचा तक्ता मला पाठ होता. सहा किलोमीटरचा एक टप्पा, कुठल्या फाट्यापासून कुठल्या पारापर्यंत किती टप्पे, झोपेतून उठवून विचारावं. लांबच्या गाड्यांचे तक्ते डेपोत टांगलेले होते, ते मी उतरवून घेतले. चौकोनी रेघांच्या जाड वहीत मी प्रत्येक ढाबळीचं अंतर लिहिलं: धुळ्याहून, इंदूरहून. कुणीही हरकत घेतली नाही. यष्टीचं अंतर म्हणजे छापील अंतर, आणि छापील म्हटलं की आमच्याकडं पुढचं बोलणं थांबतं.

मला एक खोड आहे. मी माणसं टप्प्यांत मोजतो. अंजना, म्हणजे माझी बायको, माहेरापासून तीन टप्पे आहे, म्हणून रुसली तरी संध्याकाळपर्यंत परत येते. माझ्या मेहुण्याची बायको अकरा टप्पे आहे, ती रुसली की त्याला रजा काढावी लागते. मंचरच्या बाजारात कापडदुकान असलेले हस्तीमलशेठ कुणाच्या मयताला किती टप्प्यांपर्यंत जातात आणि कितीनंतर नुसता फोन करतात, तेही मला माहीत आहे. अलीकडे उतरतो म्हणून तिकीट काढणारी आणि पलीकडे उतरणारी माणसं चेहऱ्यावरून ओळखू येतात. ती खिडकीबाहेर फार प्रेमानं बघतात. इतकी माणसं मोजली, पण मोजायची पट्टीच वाकडी असेल हा विचार मला कधी शिवला नव्हता. त्या दिवशी ड्यूटी संपवून महाळुंगे पडवळला घरी आलो, चहा न घेता गच्चीवर गेलो. ढाबळीत पाखरं दाण्यावर आली होती. त्यांच्या चोचींचा पत्र्यावर पडणारा टकटक आवाज मला एरवी फार आवडतो. त्या दिवशी तो आवाज कुणीतरी बोटानं दार वाजवत असल्यासारखा वाटायला लागला. कबूतर घाटातून वळणं घेत येत नाही. ते नाशिकच्या स्टँडवर थांबत नाही. ते पाण्याला वळसा घालत नाही. हे मला माहीत नव्हतं का? होतं. आठ वर्षांच्या पोराला माहीत असतं. पण माहीत असणं आणि वहीत असणं यांत मी वहीची बाजू घेतली होती.

वहीतला सगळ्यात मोठा वळसा सयाजीचा. सयाजीची ढाबळ डिंभ्याच्या पलीकडे, ठमाबाईच्याच वाडीत. मासेमारी करतो, उरलेल्या तुकड्यात भात लावतो, आणि पाखरांना असा हात लावतो की पाखराला वाटावं आपल्याला वाऱ्यानंच उचललंय. मंडळ निघालं तेव्हा त्याच्या वाडीला जुना रस्ता होता, खालून, ओढ्याच्या कडेनं. मग पाणी वर वर चढत गेलं. एका पावसाळ्यानंतर तो रस्ता आणि सयाजीचं खालचं रान पाण्याखाली गेलं, गाडी वरच्या वळशानं जायला लागली, आणि डेपोत नवा तक्ता आला. तीन नावं खोडलेली, चार नवी. त्याच संध्याकाळी मी इमानदारीनं वही काढली आणि सयाजीच्या अंतरात चौदा किलोमीटर वाढवले. पुढच्या बैठकीत त्याला ते दाखवलं तेव्हा तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. मला वाटलं होतं, खूश झाला. अकरा वर्षांत सयाजीनं इंदूरची शर्यत सहा वेळा जिंकली. मी चार वेळा दुसरा आलो. आता गच्चीवर बसून मी जे मनात मोजलं त्याचा अर्थ एवढाच निघत होता की रस्त्यानं तो माझ्यापेक्षा बेचाळीस किलोमीटर लांब असला तरी पाखराच्या वाटेनं फार तर पाच-सहा. बाकी छत्तीस मी त्याला पदरचे दिले होते. चार वेळा मी हरलो तो माझ्याच अक्षरात.

पण खरा धक्का हा नव्हता. तो कल्पेशनं दिला. कल्पेश हस्तीमलशेठचा मुलगा, मंडळाचा अध्यक्ष. सगळ्यांत तरुण आणि सगळ्यांत शिस्तीचा. बाप रोज सकाळी दुकानाच्या गच्चीवर गावच्या रानटी पारव्यांना ज्वारी टाकतो, मुलगा त्याच गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात होमर पाळतो, आणि दोघांमध्ये एक अबोल तह आहे. हस्तीमलशेठ मला नेहमी विचारायचे, "पाखरू घरीच यायचंय ना हौशीराम, मग एवढं लांब नेऊन सोडता कशाला?" आणि उत्तराची वाट न बघता पुढची मूठ ज्वारी टाकायचे. तर कल्पेशची बहीण नीलम, तिच्या नवऱ्याकडे पवनचक्क्यांच्या मोजणीचं काम होतं, त्याचं सॅटेलाइटवर चालणारं हातात मावेल एवढं यंत्र कल्पेशनं चार दिवसांसाठी आणलं. माझ्या गच्चीवर उभं राहून त्यानं इथली जागा धरली, नकाशाच्या पुस्तकातून इंदूरचे अंश घातले, आणि बटण दाबलं. चारशे पंचावन्न. मी म्हटलं, परत दाब. त्यानं परत दाबलं. चारशे पंचावन्न. माझ्या वहीत तिथं पाचशे बावीस लिहिलेलं होतं. इंदूरची शर्यत आमच्याकडं पाचशेची शर्यत म्हणून ओळखली जायची. मंडळात ज्यांची पाखरं इंदूरहून आली ते पाचशेवाले. ज्यांची नाही आली ते बैठकीत दाराजवळ बसायचे. आता त्या छोट्या काचेवर राखाडी आकडे शांतपणे सांगत होते की या दोन तालुक्यांत पाचशेवाला कुणी नाही. नव्हताच. कल्पेशनं यंत्र खिशात घातलं. व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला कळतं की समोरच्याचं माप चुकलं तर आधी दुकानाचं शटर अर्धं ओढायचं. तो हळूच म्हणाला, "भाऊ, हे यंत्र परवा परत जाणार आहे. नंतर कोण मोजतंय."

पुढचे आठ दिवस मी गाडीत होतो आणि गाडीत नव्हतो. घाटात गाडी वळली की वाटायचं, आत्ता पाखरू पुढं गेलं. सरळ रस्त्यावर वाटायचं, आत्ता बरोबर आहे. महाळुंग्याहून मंचरला जाणारा रस्ता, ज्याच्यावरून मी हजार वेळा गेलो, तो मला अंगणात पडलेल्या दोरीसारखा सैल, वेडावाकडा दिसायला लागला, आणि वर आभाळ कुणीतरी ताणून धरलेलं. गप्प बसलो असतो तर काय बिघडत होतं? कुणाच्या ताटातलं काही जात नव्हतं. बोललो, तर सगळे काय म्हणणार तेही मला लिहून दाखवता आलं असतं: चार वेळा दुसरा आला, म्हणून आता वहीच फिरवतोय. अंजनाला सांगितलं. ती शेंगा फोडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "चार वेळा दुसरे आलात तवा न्हाई सुचलं मोजायचं?" मी म्हटलं, नाही. "मंग बरंय," ती म्हणाली, "तवा सुचलं असतं तर मीच तुमच्यावर इस्वास ठिवला नसता." आणि शेंगांची टरफलं सुपात घेऊन उठून गेली. माझी खरी अडचण मात्र सयाजी नव्हता, शर्यतीचे कपही नव्हते. माझ्याकडं सातशे बारा नंबरची तांबडी मादी होती. दोनदा इंदूरहून आलेली, तीन वर्षांची, छातीनं रुंद, डोळा पिकल्या डाळिंबाच्या दाण्यासारखा. माझ्या आयुष्यात पूर्ण बरोबर म्हणावी अशी एकच गोष्ट मी केली होती, ती म्हणजे ही पाचशेची मादी. आणि ती चारशे पंचावन्नची निघाली होती. तिला याचा काही पत्ता नव्हता, हे आणखी वाईट. ती आपली माझ्याकडे एका डोळ्यानं बघायची, मग मान फिरवून दुसऱ्या डोळ्यानं. मला वाटायचं, ताळा करून बघतेय.

जानेवारीच्या बैठकीला, दोन हजार पाच साली, मी सगळं बोललो. कल्पेशच्या दुकानाच्या माडीवर, कापडाच्या गठ्ठ्यांना टेकून अकराजण बसलेले. मी वही मधे ठेवली, यंत्राचे आकडे वाचून दाखवले, आणि म्हणालो, जुने कप ज्याचे त्याच्याकडं राहतील, त्यांना हात लावायचा नाही; पण यापुढं अंतर सरळ रेषेत. आणि पाचशे म्हणायचं असेल तर पाचशेवरून सोडायचं. आधी कुणाला कळलंच नाही. मग निमगाव सावाच्या चांगदेवला कळलं. चांगदेव कांदेवाला, मोठा हौशी माणूस. गेल्याच वर्षी त्यानं लेकीच्या, समृद्धीच्या लग्नपत्रिकेवर स्वतःच्या नावाखाली 'पाचशे कि.मी. कबूतर विजेते' असं छापलं होतं. तो म्हणाला, "म्हंजी राव, समृद्धीची पत्रिका आता मी परत छापू का? व्याही काय म्हणंल, पोरगी तरी पूर्ण दिली का म्हणंल." त्यावर माडी हसली, पण हसणं लगेच आटलं, कारण प्रत्येकाच्या भिंतीवर कुठं ना कुठं तो आकडा रंगवलेला होता. मग अपेक्षेप्रमाणं एकानं ते वाक्य काढलंच, की हौशीरामला हरून हरून आता भूगोल सुचला. मी सयाजीकडं बघत होतो. तो मागं बसला होता, गुडघ्यांना हातांचा वेढा घालून, आणि त्याच्या हातांना मासळीचा तो वास होता जो कापडाच्या नव्या वासात वेगळा उठून येतो. त्यानं शांतपणे विचारलं की त्याचं नि माझं अंतर आता किती. मी म्हटलं, सहाचा फरक, फार तर. आधी बेचाळीस होता. त्यानं गुडघ्यांभोवतीचे हात सोडले. मग म्हणाला, "रान पाण्यात गेलं त्या साली माझ्याकडं काय उरलं न्हव्हतं. मंग तुमी वही काढली आन् मला चौदा किलोमीटर दिलं. कुणी न्हाई दिलं, तुमी दिलं. त्या दिवशी घरी जाऊन मी बायकूला सांगितलं, पाण्यानं घेतलं पण हौशीरावानं लिव्हलं." मला वाटलं, आता हा उठून जाईल, आणि गेला तर मी वही बंद करीन. मला माझ्याच हाताची शाई पिऊन टाकावीशी वाटत होती. पण तो म्हणाला, "मोजा सरळ. मला बी बघायचंय माझं पाखरू खरंच किती उडतं." आणि पुढं, जरा हसून, "पण मोजताना मला बलवायचं. तुमच्या एकट्याच्या मोजण्याचा मला आता भरवसा न्हाई."

कल्पेशनं यंत्र पुन्हा मागून आणलं आणि शर्यत होईपर्यंत ठेवून घेतलं. आम्ही तिघं मिळून अकरा ढाबळी फिरलो, आणि नवी वही केली. नवं ठिकाण उज्जैन ठरलं. तिथून माझं अंतर आलं चारशे अठ्ठ्याण्णव. इथं मंडळातल्या प्रत्येकाला एकदम माझ्याविषयी प्रेम वाटायला लागलं. दोन किलोमीटर काय राव, धरा पाचशे. चांगदेव तर म्हणाला की पाखरू उतरण्याआधी घरावर दोन घिरट्या मारतं, त्यात दोन किलोमीटर होतात. अकरा वर्षांपूर्वीचा हौशीराम असता तर त्यानं पुढचा टप्पा पूर्ण धरला असता. मी म्हटलं, टेंपो उज्जैनच्या पुढं न्यायचा, उत्तरेला, अंगठाभर. टेंपोबरोबर कल्पेश स्वतः गेला, यंत्र मांडीवर घेऊन, आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी सकाळी साडेसहाला त्याचा फोन आला की एका हरभऱ्याच्या रानाशी उभा आहे: माझं अंतर पाचशे एक पॉइंट दोन, सयाजीचं पाचशे सहा पॉइंट एक, चालेल का? मी म्हटलं, चालेल. सात वाजता त्यानं पेट्या उघडल्या. तेवीस पाखरं. फोनमधून मला तो आवाज ऐकू आला, एकदम झटकलेल्या सतरंजीसारखा, आणि मग नुसतं रान.

दिवसाचं काय करायचं असतं हे त्या दिवशी मला कळेना. रजा टाकली होती. इंदूरहून सोडलं की तीन-साडेतीनला मान वर करायची, ही सवय. साडेतीन वाजले. चार वाजले. मधल्या वाटेवर सातपुडा आहे, तापी आहे, ससाणे आहेत, आणि विजेच्या तारा. मी एकेक नाव मनात घेत होतो आणि मला जाणवलं की मला ती वाट माहीतच नाही. रस्त्यावरचं प्रत्येक गाव, प्रत्येक फाटा मला येतो, पण ही सरळ रेघ कुणाच्या छपरांवरून, कुणाच्या उसावरून जाते, तिच्यावर टप्पे कुठले, तिथं कोण चढतं, कोण उतरतं, काही माहीत नाही. वीस वर्षं प्रवासात काढलेला मी, आणि माझी मादी अशा मुलखातून येत होती जिथं मी कधी घंटी मारली नव्हती. मला तिची भीती वाटली. तिच्यासाठी नाही, तिची. साडेचारला अंजना चहा घेऊन वर आली आणि गेली नाही. तिनं कधी ढाबळीत रस घेतला नव्हता, पाखरांना ती 'तुमची पोरं' म्हणायची. ती कठड्याला टेकून उत्तरेला बघत राहिली. पाच वाजले. ऊन पिवळं झालं, डोंगराच्या कडा धारदार झाल्या. माझे डोळे इतके ताणले होते की त्यांत काळे ठिपके उठायला लागले, आणि प्रत्येक ठिपका पाखरू वाटून मी श्वास धरत होतो. मग अंजनानं माझ्या दंडाला नुसतं बोट लावलं. मी तिच्या बोटाच्या दिशेला पाहिलं नाही, तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं, आणि मला कळलं.

ती खालून आली. उंचावरून घिरट्या घेत नाही, शेवटच्या पाच-सहा शेतांवरून अगदी खाली, शेवग्याच्या शेंड्याला पंख घासत, थकलेली आणि रागावलेली, जणू कुणीतरी तिला फसवून दोन गावं जास्त पाठवलं होतं. चांगदेवच्या त्या दोन घिरट्या तिनं मारल्या नाहीत. थेट फळीवर उतरली, एकदा पंख मिटले, आत चालत गेली. मी तिच्या पायातलं कडं काढलं तेव्हा तिच्या छातीचा ठोका माझ्या तळहातात असा भरला होता की माझा कुठला आणि तिचा कुठला ते सांगता येत नव्हतं. ती नेहमीपेक्षा हलकी होती, मूठभर हलकी. ते वजन तिनं वाटेत ठेवून दिलं होतं, कुठल्या तरी नदीवर. कल्पेश तिकडंच, मोबाइलवर. मी नंबर सांगितला, त्यानं वेळ सांगितली: पाच बावीस. म्हणाला, भाऊ, अजून कुणाचंच नाही. पाचशे एक पॉइंट दोन. सरळ रेषेत. मी गच्चीवर उभा राहिलो आणि मला प्रथमच वाटलं की माझं घर कुठं आहे ते मला नेमकं माहीत आहे. मंचरपासून किती टप्पे, असं नाही. नुसतं इथं. जिच्यापासून पाचशे एक किलोमीटरवर ते हरभऱ्याचं रान आहे ती ही जागा, ही फळी, हे पत्रे, ही पायरीवर बसलेली आणि पदरानं डोळे पुसतेय हे दिसू नये म्हणून नाक पुसणारी बाई.

पण शर्यत संपली नव्हती. मी कागदावर मांडलं: सहाशे बावीस मिनिटं, मिनिटाला आठशे पाच मीटर आणि थोडं वर. सयाजीचं घर पाच किलोमीटर लांब. त्या पाच किलोमीटरची किंमत सहा मिनिटं. म्हणजे त्याचं पाखरू पाच अठ्ठावीसपर्यंत आलं तर तो जिंकला, नंतर आलं तर मी. जुन्या वहीच्या रस्त्याच्या मापानं त्याला सहा वाजून सात मिनिटांपर्यंत वेळ मिळाला असता. मी घड्याळ कठड्यावर ठेवलं. सहा मिनिटं इतकी नेमकी मला आयुष्यात कधी मिळाली नव्हती. त्यांतल्या तीन मिनिटांत मला वाटलं येऊ नये, आणि नंतरच्या तीन मिनिटांत, खोटं कशाला सांगू, वाटायला लागलं की येऊ दे. पण अठ्ठावीसनंतर येऊ दे. माणूस एवढ्यावरच येऊन थांबतो. पाच अठ्ठावीस झाले. एकोणतीस. तीस. फोन गप्प. पाच तेहतीसला फोन वाजला आणि मला कळलं की यातून काहीच कळत नाही. पाखरू सत्तावीसला आलेलं असू शकतं.

"हौशीराव," सयाजी म्हणाला, "आलं."

मी विचारलं, किती वाजता. त्याच्या बाजूला पाण्याचा आवाज येत होता, नाहीतर मला तसा वाटला.

"एकतीस. कल्पेशला सांगून मंग तुमाला लावला." आणि माझ्या गप्प राहण्यातून त्याला उत्तर मिळालं असावं. "कितीनं?"

"मिनिटाला पावणेचार मीटरनं."

"बास?" तो हसला, मोकळा, घशातून. "आन् जुन्या हिशेबानं?"

वाट बघताना दर मिनिटाचा तो हिशेबही मी मांडून ठेवला होता. म्हटलं, "जुन्या हिशेबानं तू त्रेपन्न मीटरनं जिंकलास."

"ऱ्हाऊ द्या. ते समदं पाण्याचं व्हतं." मग त्यानं विचारलं, आणखी कुणाचं आलं का. मी म्हटलं, अजून नाही. उजेड जायला तासभर आहे, पण आता येईलसं वाटत नाही. "म्हंजी खरं पाचशेवालं आपुन दोघंच," तो म्हणाला. त्याचा आवाज असा झाला होता, जसा तळ्यात खोल गेलेला माणूस वर येऊन पहिला श्वास घेताना होतो. "तुमचं एक नंबर, माझं दोन. लिव्हा. वही हाय ना जवळ?"

नवी वही माझ्या मांडीवरच होती. सातशे बाराच्या पुढं मी पाचशे एक पॉइंट दोन लिहिलं, पाच बावीस, एक. खाली सयाजीच्या पाखराचा नंबर विचारून लिहिला. वेळ लिहिली. अंतराच्या रकान्यात 'पाचशे सहा' लिहिताना मी ते मोठ्यानं उच्चारत होतो, आणि तो पलीकडून ऐकत होता.

"पॉइंट एक," सयाजी म्हणाला. "त्यो एक खाऊ नका हौशीराव. त्यो माझा हाय."

मी पॉइंट दिला आणि एक लिहिला, जरा ठळक.